शेजाऱ्यांचं कर्ज मला कळलंय, आता काय करू?

गुलबक्षी (धागाकर्ती)

मंडळी, माझ्यावर कसलंही कर्ज नाही आणि तरी वसुलीवाल्यामुळे माझी झोप उडालीय.

काल संध्याकाळी मेथी निवडत बसले होते. बेल वाजली. दारात पंचविशीचा मुलगा, पाठीला सॅक, हातात हेल्मेट. बोलायला अगदी नम्र. "काकू, समोरचे साहेब कधी भेटतात?" मी म्हटलं, दोघंही नोकरीला जातात, आठनंतर येतात. इथेच तो वळला असता तर हा धागा निघालाच नसता. पण तो म्हणाला, "त्यांचे चार हप्ते थकलेत. पर्सनल लोन आहे. फोन उचलत नाहीत. तुम्ही शेजारी, तुमचं ऐकतील. जरा समजावा ना." आणि पॅडवरचा कागद माझ्यापुढे धरला. नाव, थकबाकी, दंड, सगळं. मी नको नको म्हणेपर्यंत वाचून झालं होतं. डोळ्यांचं काय, अक्षर दिसलं की वाचतात.

नंतर कळलं की मजल्यावरच्या तिन्ही दारांवर त्याने बेल मारली. खाली वॉचमनच्या वहीत नाव, वेळ आणि "येण्याचे कारण" या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहून गेला: लोन वसुली. पुढे फ्लॅट नंबर. ती वही दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे चाळतात.

आज सकाळी लिफ्टमध्ये समोरचे दादा भेटले. रोजच्यासारखं "काय ताई, आज लवकर?" म्हणाले. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं, काही नसताना. तेवढ्यात त्यांच्या पायातले नवे बूट दिसले आणि मनात आलं, हप्ते थकलेत आणि बूट नवे. माझी मलाच लाज वाटली. परवापर्यंत त्यांच्या बुटांशी माझं काय देणंघेणं होतं?

तर विचारायचं असं की, त्याने मला हे सांगणं नियमात बसतं का? आणि मी समोरच्यांना सांगू, की काही माहीतच नाही असं वागू? वहिनींशी माझं छान जमतं. त्यांना गच्चीत बाजूला घेऊन हळूच सांगावं असं डोक्यात आहे.

(संपादन: हिशोबनीस काकांच्या सांगण्यावरून रक्कम आणि फ्लॅट नंबर काढला.)

तिरकस

आधी मेथीचं काय झालं ते सांगा.

पानसुपारी

वाचतेय. आमच्या मावशीकडे असंच काहीसं चालतं, सवडीने लिहिते.

हिशोबनीस

गुलबक्षीताई, सगळ्यात आधी तुमच्या लेखातून रक्कम आणि फ्लॅट नंबर काढा. तुम्ही काळजीपोटीच लिहिलंय, पण त्या मुलाने तीन दारांत सांगितलं, तुम्ही तीनशे वाचकांत.

मी चौतीस वर्षं बँकेत होतो, शेवटची सहा वसुलीकडे. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला परिपत्रक काढलं, त्यात हे स्पष्ट आहे. वसुली एजंटाने कर्जदाराला धमकवायचं नाही, चारचौघांत अपमान होईल असं काही करायचं नाही, त्याच्या घरचे, मित्र आणि अर्जात संदर्भ म्हणून नावं दिलेले लोक यांच्या खासगीपणात घुसायचं नाही. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर नाही. आणि एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्याचीच. "तो आमचा माणूस नाही" हे उत्तर चालत नाही.

पाळतात का, हा वेगळा प्रश्न. २००८ च्या परिपत्रकापासून ओळखपत्र आणि अधिकारपत्र सोबत ठेवणं बंधनकारक आहे. एजंटांसाठी शंभर तासांचं प्रशिक्षण ठरवलेलं आहे. तुमच्या दाराशी आलेल्याने अधिकारपत्र दाखवलं का? दाखवलं थकबाकीचं पान. ज्याला दाखवायचं त्याला नाही, जे दाखवायचं ते नाही.

शेजाऱ्याला तो एवढंच म्हणू शकला असता: मी अमुक, साहेबांना भेटायचं होतं, हा माझा नंबर, निरोप द्याल का. बस्स. ज्या क्षणी "हप्ते थकलेत" म्हणाला त्या क्षणी हद्द ओलांडली.

आता दुसरं. वहिनींना सांगू नका. कर्ज कोणाच्या नावावर आहे? त्या सहकर्जदार आहेत का? घरात त्यांनी सांगितलंय का? यातलं तुम्हाला काही ठाऊक नाही. गच्चीत बाजूला घेऊन सांगाल आणि त्या मुलाचं अर्धं राहिलेलं काम पूर्ण कराल.

गुलबक्षी

काका, काढलं. आणि वहिनींचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. त्यांना ठाऊक असणारच असं धरूनच चालले होते.

आडवाट

मी वाईट ठरणार, तरी लिहितो.

घेताना हसत घ्यायचं आणि द्यायच्या वेळी "आमची खासगी बाब". मी आमच्या तालुक्याच्या गावात एका पतसंस्थेवर संचालक आहे. आमच्या ठेवीदारांत निवृत्त शिक्षक आहेत, दोन विधवा आहेत ज्यांचं घर व्याजावर चालतं. थकबाकीदार कोण, तर चारचाकी दारात उभी असलेला. नोटीस पाठवली, घेत नाही. फोन केला, उचलत नाही. वार्षिक सभेत नाव वाचून दाखवायचं ठरलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पैसे घेऊन हजर. शाखा उघडायच्या आधी. आता सांगा, चूक कोणाची?

खासगीपणा गोड वाटतो, पण तो ठेवीदाराच्या पैशावर उभा असतो.

तिरकस

@आडवाट, लाज हे तारण असेल तर अर्जातच रकाना ठेवा. सोनं, घर, शेती, लाज. मूल्यांकन करून घ्या पॅनेलवरच्या माणसाकडून.

कोकणी_हिसका

तिरकस, खिक्क! आमच्याकडे त्यावर कर्ज मिळणार नाही, तारण आधीच विकलेलं.

मोगरावेल

आडवाट, तुमचा चारचाकीवाला खरा असेल. माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे.

टाळेबंदीत नवऱ्याचा पगार निम्मा झाला. त्याने मला न सांगता मोबाइलवरच्या एका ॲपमधून सात हजारांचं कर्ज घेतलं. हातात चार हजार दोनशे आले, बाकी "प्रोसेसिंग". मुदत सात दिवस. ॲप टाकताना कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागितली होती, त्याने होय दाबलं. दिल्याशिवाय पुढेच जात नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी माझ्या मावशीचा फोन आला, रडत. तिला नवऱ्याचा फोटो आला होता, त्यावर लाल अक्षरात "चोर". मग नणंद, मग त्याचा जुना मॅनेजर, मुलीच्या व्हॅनचे काका. फोनमध्ये ज्यांची ज्यांची नावं होती ते. माझ्या फोटोचं काय करून पाठवलं ते इथे लिहीत नाही.

त्या दिवसातली एकच गोष्ट चांगली आठवते. गॅस सिलिंडर आणणारा मुलगा. त्याचाही नंबर यादीत होता. त्याचा मेसेज आला, "ताई मला असं असं आलंय. मी डिलीट केलं. सिलिंडर उद्या आणतो." दुसऱ्या दिवशी आला, सिलिंडर आत ठेवला, सुटे परत दिले, गेला. त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. शिकलेल्या नातेवाइकांपैकी एकालाही ते जमलं नाही. नणंद अजून सणाला विषय काढते.

गुलबक्षी, लिफ्टमध्ये तुम्ही मान खाली घातलीत ना, ते समोरच्याला दिसतं हो. आम्हाला दिसायचं.

गुलबक्षी

मोगरावेल, काय लिहू. उद्यापासून मोबाइल पर्समध्ये.

हिशोबनीस

@मोगरावेल, त्या काळात अशा ॲप्सचा सुळसुळाट होता. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शोध घेतला तेव्हा सुमारे ११०० कर्ज ॲप्स सापडली, त्यातली सुमारे ६०० बेकायदा. सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आला की कर्ज ॲपने फोनमधली नावांची यादी, फोटो, कॉल्सची नोंद यांना हात लावायचा नाही. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा, तोही एकदाच आणि विचारून. गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवरच्या कर्ज ॲप्सना ३१ मे २०२३ पासून फोटो आणि कॉन्टॅक्ट्स बंद केले. आज कोणतंही कर्ज ॲप कॉन्टॅक्ट्स मागत असेल तर तिथेच काढून टाका. असं काही झालंच तर १९३० वर फोन, सायबर पोलिसांचं पोर्टल, आणि ॲपवाला नोंदणीकृत नसेल तर रिझर्व्ह बँकेचं "सचेत" पोर्टल.

अजून एक. कर्ज डिजिटल असेल तर वसुलीसाठी एजंट नेमला की त्याचा तपशील कर्जदाराला एसएमएस किंवा ईमेलने आधी कळवावा लागतो. एजंट दारात यायच्या आधी.

आडवाट

ॲपवाल्या गुंडांच्या रांगेत पतसंस्थेला बसवू नका. आणि बँका काय करतात? पेपरात अर्धं पान भरून नावं, पत्ते, रक्कम, ताबा नोटीस. ते चालतं. आम्ही सभेत नाव वाचलं की मात्र खासगीपणा.

कलमबहाद्दर

आडवाट यांचा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही, म्हणून नीट लिहितो. (पेशाने वकील, पण हा सल्ला फुकट असल्याने तेवढ्याच किमतीचा समजावा.)

पेपरातली ताबा नोटीस सरफेसी कायद्याखाली असते, २००२ चा. तारण असलेलं कर्ज बुडीत खात्यात गेलं की आधी ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग दोन वर्तमानपत्रांत प्रसिद्धी, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. लोकांनी ती मालमत्ता चुकून विकत घेऊ नये हा त्यामागचा हेतू. म्हणजे जाहीर करण्याला कारण आहे, क्रम आहे, आणि कर्जदाराला दाद मागायला न्यायाधिकरण आहे. गुलबक्षींच्या समोरच्यांचं पर्सनल लोन आहे, तारणच नाही. ताबा कशाचा घेणार, मेथीचा?

थकबाकीदारांचे फोटो चारचौघांत लावण्यावरून उच्च न्यायालयांत दोन्ही बाजूंचे निकाल आहेत. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली बँकेच्या बाजूने कौल दिला होता. पण २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर वारं बदललं. केरळमध्ये एका कृषी सहकारी संस्थेने थकबाकीदारांचे नाव-फोटोसह फ्लेक्स कार्यालयाबाहेर लावले. सहायक निबंधकांनी काढायला सांगितले, संस्था भांडायला उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की वसुलीसाठी असे फोटो लावणं हा प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काचा भंग आहे. आडवाट, हे तुमच्यासाठी, कारण संस्था सहकारी होती.

पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, निबंधकांखाली येतात. म्हणून काकांनी सांगितलेलं परिपत्रक तुम्हाला थेट लागू नाही. पण तुमच्या हातात सहकार कायद्याचं कलम १०१ आहे. वसुली दाखला घ्या, जप्ती करा. बँकांना हेवा वाटावा असं हत्यार आहे ते. ते सोडून सभेत नावं कशाला वाचता?

आडवाट

१०१ चा दाखला हातात पडेपर्यंत माणूस गाडी बायकोच्या नावावर करतो साहेब. पुस्तकात सोपं असतं. केरळचं मात्र वाचून ठेवतो.

न्यूजर्सीकर

इकडची गंमत सांगतो. इथे १९७७ पासून यावर कायदा आहे. वसुली एजन्सीवाला शेजाऱ्याला फोन करू शकतो, पण फक्त कर्जदाराचा पत्ता, फोन, नोकरीचं ठिकाण विचारायला. कर्जाचा शब्द काढायचा नाही. सहसा एकदाच फोन, पुन्हा नाही. आपल्या कंपनीचं नावही विचारल्याशिवाय सांगायचं नाही, कारण नावातच "कलेक्शन" असलं तर झालंच की. पोस्टकार्ड पाठवायला बंदी, कारण पोस्टमन वाचतो. पाकिटावरही वसुलीचा मागमूस नको. बायकोशी किंवा नवऱ्याशी मात्र बोलायला परवानगी आहे. म्हणजे काकांनी जी भिंत घातली ती इथे नाही.

तिरकस

आला, "आमच्याकडे" आला. धागा पूर्ण झाला. आता फक्त तिकडचे रस्ते राहिले.

न्यूजर्सीकर

तिरकसराव, थांबा की जरा. हा केंद्रीय कायदा मुख्यतः बाहेरच्या वसुली एजन्सींना लागतो. मूळ कर्ज देणारा स्वतः फोन करत असेल तर तो बहुतेक वेळा यातून सुटतो. आणि दवाखान्याचं बिल थकलं म्हणून मला स्वतःला आठ महिने फोन येत होते, बिल विम्याने भरलेलं असताना. तेव्हा स्वर्ग वगैरे काही नाही. रस्ते मात्र चांगले आहेत.

सातारकर_अण्णा

तगादा हा शब्द कुठून आला माहीत आहे? फारसी "तकाजा". शब्दच परका, पण रीत आपली जुनी. पूर्वी सावकार किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात धरणे धरून बसायचा. उपाशी. आपण जेवायचं नाही आणि घरातल्यांनाही जेवू द्यायचं नाही. सगळी आळी बघतेय. पैसा द्या नाहीतर उपाशी माणसाचं पाप घ्या. म्हणजे शेजाऱ्यांना सांगणं हे वसुलीचं साधन पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्या मुलाला सॅक आणि हेल्मेट मिळालं इतकंच.

उलटही झालंय. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखतांचे कागद काढून जाळले. लोकांचा राग त्या कागदांवर होता. मग १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला.

कोकणी_हिसका

अण्णा, आमच्या वाडीतल्या दुकानात पाटी होती. "उधारी मागून लाजवू नये." खाली खडूने तीन नावं. त्यातलं एक माझ्या आजोबांचं. शेवटपर्यंत आजोबा म्हणायचे की दुकानदाराने शाबासकी म्हणून लिहिलंय.

फिरतीवरचा

बरेच दिवस नुसता वाचक होतो. या धाग्यासाठी लॉगिन केलं.

मी तो मुलगा आहे. म्हणजे गुलबक्षीताईंच्या दाराशी आलेला नाही, पण चौदा महिने तेच काम केलं, नाशिक आणि आजूबाजूला. सॅक, हेल्मेट, नम्र बोलणं, सगळं बरोबर.

कसं चालतं सांगतो. महिन्याच्या सुरुवातीला केसेसचं वाटप होतं. किती दिवस थकलंय त्यावर "बकेट" ठरते. तीस दिवसांपर्यंत पहिली, मग दुसरी, तिसरी. तिसरी बकेट ओलांडली की केस हातातून गेली, इन्सेंटिव्ह गेला. पगार म्हणावा असा नव्हता, पेट्रोल खिशातून. रोज संध्याकाळी प्रत्येक भेटीचा शेरा भरायचा. "कर्जदार भेटला", "दार बंद", "अमुक तारखेला देतो म्हणाला", आणि एक शेरा "थर्ड पार्टी भेट". म्हणजे शेजारी, वॉचमन, नातेवाईक. ॲपमध्ये त्यासाठी वेगळं बटणच होतं.

ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी सांगतात, तिसऱ्याला कर्जाबद्दल बोलायचं नाही. सही घेतात. २५ तारखेनंतर टीम लीडर म्हणतो, "सोसायटीत जरा हवा होऊ दे." बस्स, लेखी काही नाही. हवा करायचे प्रकार असतात. वॉचमनकडे पाकीट ठेवायचं, न चिकटवलेलं. गेटवर उभं राहून स्पीकरवर ऑफिसला फोन लावायचा, "हां सर, घरी नाहीत, चार हप्ते, हो हो." किराणावाल्याला विचारायचं की यांची तुमच्याकडे पण उधारी आहे का. आवाज चढवायचा नाही, शिवी नाही. कोणी रेकॉर्ड केलं तरी पकडण्यासारखं काही सापडत नाही. ताई, "तुमचं ऐकतील, जरा समजावा" हे वाक्य तर आम्हाला पाठ होतं. वहीतल्या रकान्यात लिहिणंसुद्धा त्याने सहज केलेलं नाही.

सोडलं कशामुळे ते पण लिहितो. एका घरी कर्जदाराचे वडील भेटले. ऐंशीच्या घरात. मुलगा बाहेर. मी नेहमीचं वाक्य टाकलं. ते काही बोलले नाहीत, आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. पेन्शनचं पासबुक घेऊन आले, चष्मा लावला आणि बोट ठेवून शिल्लक मोठ्याने वाचायला लागले. "एकोणीस हजार दोनशे... आणि हे मागच्या महिन्याचं व्याज." मला विचारतात, यात भागेल का. त्यांना माझ्या तोंडून पहिल्यांदा कळलं होतं. मी म्हटलं, काका, चुकून दुसऱ्या घरी आलो, आणि निघालो. त्या दिवशीचा शेरा "दार बंद" भरला.

पानसुपारी

फिरतीवरचा, लिहीत जा.

माझं राहिलेलं: मावशी कोल्हापूरकडे महिलांच्या कर्जगटात आहे. तिथे गुपित नावाची वस्तूच नाही. दहा बायकांचा गट, हप्त्याच्या दिवशी एकीचे अडीचशे कमी पडले की सगळ्या बसून राहतात. दुपारचे दोन वाजतात, जनावरं गोठ्यात ओरडतात. मग कोणीतरी ब्लाउजच्या बटव्यातून काढून देते. तिथे तिसरी व्यक्ती कुणाला म्हणायचं, सगळ्याच एकमेकींच्या जामीन.

हिशोबनीस

पानसुपारी, आणि हे त्या क्षेत्राचे नियम कडक असताना. १ एप्रिल २०२२ पासून सूक्ष्म कर्जांना सकाळी ९ ते संध्याकाळी ६ हीच वेळ आहे, आणि कर्जदाराचं नाव जाहीर करणं, नातेवाईक, मित्र किंवा सहकाऱ्यांना त्रास देणं हे जाचक वसुलीत स्पष्ट मोडतं.

जामिनाचा विषय निघालाच आहे तर एक घोळ सोडवतो. अर्जात "संदर्भ" म्हणून ज्यांचं नाव लिहितो तो जामीनदार नव्हे. जामीनदाराने सही केलेली असते. १८७२ च्या करार कायद्याने तो कर्जदाराइतकाच बांधलेला असतो, त्याला बँक सगळं सांगणार. संदर्भवाल्याने कुठेही सही केलेली नाही, तो एक पैसाही देणं लागत नाही. त्याला फोन करून "तुम्ही यांचे रेफरन्स आहात, तुम्ही भरा" म्हणतात ती शुद्ध थाप आहे. माझ्या भाच्याने घाबरून मित्राचे दोन हप्ते भरले होते.

गोदाकाठ

गुलबक्षीताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते, कारण मी समोरच्या दारातली आहे.

आमचा छपाईचा व्यवसाय २०२० मध्ये बसला. कर्ज होतं. वसुलीवाले इमारतीत येऊन गेले होते हे मला पाच महिन्यांनी कळलं. तोपर्यंत एवढंच दिसत होतं की काहीतरी बदललंय. नव्या भिशीत मला धरलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, आकडा पूर्ण झाला." गणपतीच्या वर्गणीला सेक्रेटरी आले तेव्हा आपणहून म्हणाले, "तुम्ही नंतर दिलीत तरी चालेल." भाजीवाल्याने पहिल्यांदा रोख मागितले. मी विचार करायचे, माझं बोलणं लागलं का कुणाला, माझ्या हातून काय झालं?

कर्जाची लाज होतीच, ती आमची आम्ही सोसत होतो. पण अख्ख्या इमारतीला ठाऊक आणि मीच तेवढी अडाणी, हे फार लागलं. त्या पाच महिन्यांत एकीने जरी येऊन सांगितलं असतं, तर मी वर्षभर तिच्या पाया पडले असते.

सांगा. पण ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच.

कलमबहाद्दर

गोदाकाठ यांना पूर्ण अनुमोदन, आणि त्याला कायद्याची बाजूही आहे. अशा तक्रारींत गाडी कुठे अडते सांगू? पुराव्यावर. कर्जदार म्हणतो, माझी बदनामी केली. कंपनी म्हणते, आमचा माणूस फक्त निरोप द्यायला गेला होता. कर्जदार तर तिथे नव्हताच! जे बोललं गेलं ते ऐकणारा एकच माणूस, तो म्हणजे शेजारी. आणि शेजारी म्हणतो, मला मध्ये घेऊ नका.

म्हणून गुलबक्षीताई, समोरच्यांची हरकत नसेल तर अर्धं पान लिहून द्या. तारीख, वेळ, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, कोणता कागद दाखवला. तुमची सही. वहीच्या त्या पानाचा फोटो. गेटचं सीसीटीव्ही काही दिवसांत पुसलं जातं, सेक्रेटरींना आजच सांगा की ते राखून ठेवा.

त्यांनी हे जोडून आधी कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १४४४८ वर माहिती मिळते, तक्रार ऑनलाइन, फी नाही. मनस्तापासाठी भरपाईचीही तरतूद आहे. पोलिसांत गेलात तर धमकी नसल्याने बहुधा एन.सी. (अदखलपात्र नोंद) लिहून घेतील. बदनामी अदखलपात्र आहे. मात्र एक लक्षात ठेवा, "खरं तेच सांगितलं" हा आपल्याकडे बदनामीच्या गुन्ह्याला पुरेसा बचाव नाही. खरं असावं लागतं आणि ते सांगण्यात लोकांचं हितही असावं लागतं.

तक्रार केल्याने हप्ते माफ होत नाहीत हे वेगळं सांगायला नको.

आडवाट

शेवटच्या ओळीबद्दल कलमबहाद्दर यांना माझ्याकडून चहा.

तिरकस

उधारीवर?

गुलबक्षी

अकरा दिवसांनी धागा वर आणतेय.

दादांना सांगितलं. पार्किंगमध्ये, ते स्कूटर पुसत होते तेव्हा. तीन-चार वाक्यांत सांगितलं, घरी पाठ करून गेले होते. ते पुसतच राहिले. मग म्हणाले, "वॉचमनलाही?" मी हो म्हटलं. "वहीत?" हो. मग फडकं पिळलं, कोरडंच होतं ते. म्हणाले, "घरी माहीत नाही." काका, तुम्ही नसता तर मी काय करून बसले असते!

कर्ज कशाचं, का थकलं हे मी विचारलं नाही. त्यांनी नंतर आपणहून थोडं सांगितलं, ते इथे लिहिणार नाही.

अर्धं पान लिहून दिलं. लिहिताना कळलं की ते सोपं नाही. तो नेमकं "थकलेत" म्हणाला की "बाकी आहेत", यावर मी दहा मिनिटं घालवली. दुसऱ्या दारातल्या आजीही सही करायला तयार झाल्या, तिसरे म्हणाले आमचं नाव नको. तक्रार गेली. कंपनीचं उत्तर आलंय की "संबंधितांस समज देण्यात आली आहे". दादा म्हणतात तेवढ्यावर थांबणार नाहीत. दोन हप्ते भरले असंही म्हणाले. वहिनींना त्यांनी सांगितलंय की नाही ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हे किती बरं आहे!

सोसायटीच्या वहीतून तो रकानाच काढला. आता नाव, वेळ, गाडी नंबर आणि "कोणाकडे" एवढंच. सेक्रेटरींनी कारण विचारलं, मी म्हटलं जागा वाचेल.

फिरतीवरचा

ताई, तो रकाना काढलात ते भारी केलंत. आमचा तो सगळ्यात आवडता होता.

आडवाट

आमच्या सभेची विषयपत्रिका छापायला जायची आहे. नावं वाचण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवलाय. १०१ ची सहा प्रकरणं दाखल करतोय. मत बदललं असं समजू नये, वकिलाने सांगितलं म्हणून.

झटपट_कर्ज_सेवा

नमस्कार कागदपत्रे नाही जामीन नाही सिबिल खराब तरी ५ मिनिटात कर्ज खात्यात. तुमचे पूर्ण नाव व नंबर येथे टाका, दोन मित्रांचे नंबर पण टाका

तिरकस

संपादक मंडळ, आलं हो आलं! दोन मित्रांचे म्हणे. मी न्यूजर्सीकरांचा देतोय.

आणि गुलबक्षीताई, मेथीचं शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

गुलबक्षी

करपली.